भंडारदरा जलाशय, रतनवाडीपर्यंत बोटीने: नानांना घेऊन गेले त्याचा अनुभव

आमचं शेत श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. ‘भंडारदऱ्याचं आवर्तन कधी सुटणार?’, म्हणजे धरणातून कालव्याला पाण्याची पाळी कधी मिळणार, हा प्रश्न मी जन्मापासून घरात ऐकत आले. नानांचा सगळा ऊस याच पाण्यावर उभा राहिला, पण वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी धरण पाहिलेलं नव्हतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये दोन दिवस काढून त्यांना घेऊन गेले.

माझा पहिला सल्ला असा, की धरणाजवळच्या शेंडी गावात पोचल्यावर लगेच बोटीकडे पळू नका. आधी धरणाच्या पायथ्याला जा आणि मान वर करून भिंत पाहा. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं हे दगडी विल्सन धरण, उंची सुमारे ८२ मीटर. १९६९ साली भिंतीला तडे गेले, तेव्हा मागून भक्कम टेकू बांधून ती सावरली. ते टेकू खालूनच नीट दिसतात. नाना बराच वेळ तिथे उभे होते. अंब्रेला फॉल त्या दिवशी नव्हता. मोरीतून पाणी सोडलं, की ते गोल खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. आजूबाजूचे लोक हळहळत होते. नाना म्हणाले, “नाही सोडलं तेच बरं गं, रब्बीला लागेल.”

आता बोटीचं. लाईफ जॅकेट घालूनच बसा आणि बसण्याआधी त्याचा पट्टा स्वतः ओढून पाहा. आमच्या सात जॅकेटांपैकी दोन जॅकेटांचं बक्कल तुटलेलं होतं, नुसती गाठ मारून दिली होती. मी बदलून मागितली तेव्हा बोटवाल्या दादांनी कुरकुर न करता दुसरी आणून दिली, पण ती मागावी लागायला नको होती. बोटीपर्यंत उतरायची वाट ओबडधोबड आहे, धरायला कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासोबत दोघं तरी हवेत. काठाला सावली नाही आणि स्वच्छतागृहही मला दिसलं नाही. बायकांनी आधीच सोय पाहून निघावं. एवढ्या लोकांच्या जागी ही साधी सोय व्हायलाच हवी.

पण एकदा बोट निघाली, की हे सगळं मागे पडतं. पावसाळा नुकताच सरलेला, तलाव काठोकाठ. समोर रतनगड, त्याचं नेढं (कड्यातलं आरपार भोक) आणि शेजारी खुट्ट्याचा सुळका. ‘आर्थर लेक’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी असलं, तरी या जलाशयाला आता आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. याच अकोले तालुक्यातले राघोजी इंग्रजांशी लढले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. मी तरी आता तेच नाव घेते.

मधोमध आल्यावर दादांनी इंजिन बंद केलं. पाण्याची चुबुक चुबुक तेवढी ऐकू येत होती. नानांनी बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. “अकरा टीएमसी,” एवढंच म्हणाले. धरणात मावणारं पाणी, अकरा अब्ज घनफूट; हा आकडा त्यांना कायमचा पाठ. मग दादांनी त्यांना विचारलं, “बाबा, तुमच्याकडं पोचतं का हे सगळं?” तिथून दोघांचं जे सुरू झालं, ते रतनवाडीपर्यंत थांबलं नाही: कालव्याची गळती, कालवे जिथून निघतात तो ओझरचा बंधारा, टेलच्या शेतकऱ्याचे हाल. दादांनी त्यांची बाजू सांगितली. खाली आवर्तनं सुटत गेली, की इथला काठ मागे सरतो, उन्हाळ्यात बोट रतनवाडीपासून लांबच थांबते आणि माणसांना गाळ तुडवत जावं लागतं. आमच्याकडे पाटाला पाणी येतं तेव्हा इथे यांचा धंदा आक्रसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर चुकवू नका. गाभाऱ्यापेक्षा बाहेरची पुष्करणी मला जास्त आवडली. चारी बाजूंना कोनाडे, त्यांत मूर्ती आणि मधे स्तब्ध पाणी. प्रवरा याच रतनगडाच्या अंगावर उगम पावते. नानांनी तिथे चपला काढल्या त्या बोटीत बसेपर्यंत घातल्या नाहीत.

जायचं तर सप्टेंबर अखेर ते डिसेंबर जा, तेव्हा तलाव भरलेला असतो. काजव्यांसाठी पावसाच्या तोंडावर येणाऱ्यांची गर्दी वेगळी, तेव्हा शांतपणे बोट मिळेल ही आशा नको. भाडं, थांबायचा वेळ आणि परतीची वेळ आधी स्पष्ट ठरवा. आम्ही परत निघायला उशीर केला. पाचनंतर वारा उठला, बोट आपटायला लागली आणि नानांचा सदरा पार भिजला. चारच्या आत परत फिरा, आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर कोरडे कपडे बोटीतच ठेवा, गाडीत नको.