पिल्लाची आई दाखवत नसतील तर पैसे देऊ नका

काजू, आमचं विकत घेतलेलं कुत्र्याचं पिल्लू, आमच्या घरी सहा दिवस होता. त्यातले शेवटचे तीन सलाइनवर गेले.

चतुर्थी झाली आणि लेकीने कुत्र्याचा हट्ट धरला. फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर सुण्यांना, म्हणजे कुत्र्यांना, तोटा नाही. देवळामागच्या कुत्रीला तेव्हाच चार पिल्लं झाली होती. पण सासूबाईंना रस्त्यावरच्या कुत्र्याची धास्ती, आणि खरं सांगायचं तर मलाही ‘चांगल्या जातीचं’ हवं होतं. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: लॅब्राडॉर, 50 दिवसांचा नर, लस झालेली, कागदांसह 18,000 रुपये.

फोनवरचा माणूस गोड बोलला. “वहिनी, एकच उरलाय. संध्याकाळी म्हापशाची पार्टी न्यायला येतेय.” मी लगेच 5,000 यूपीआयने पाठवले. पिल्लाची आई बघायला येते म्हटलं, तर म्हणाला, “ती बाळंतीण आहे, परक्या माणसाच्या अंगावर जाते. मीच आणून देतो.” मला ते पटलं. फोन तिथेच ठेवायला हवा होता.

पर्वरीला हमरस्त्याच्या कडेला, स्कूटरवर ठेवलेल्या बिस्किटांच्या खोक्यातून काजू माझ्या हातात आला. थरथरत होता. “प्रवासाने घाबरलाय,” असं सांगून त्याने उरलेले 13,000 रोख घेतले आणि लसवही दिली. केनेल क्लबचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, कागद महिन्याभरात कुरिअरने येणार होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काजूचं तोंड उघडून पाहिलं. दुधाच्या दाढा अजून हिरडीतून वर आल्या नव्हत्या. “हे पाच आठवड्यांचंही नसेल,” ते म्हणाले. लसवहीत स्टिकर होता, पण डॉक्टरची सही नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता. तारखेचा हिशेब केला तर लस टोचली तेव्हा काजू दोन आठवड्यांचा असणार! त्या वयात ही लस कोणी देत नाही. मानेवरून स्कॅनर फिरवला, कातडीखाली ओळखीची चिप नव्हती. तिसऱ्या रात्री उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. तपासणीत पार्व्हो निघाला, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा चार-सहा दिवस जातात, म्हणजे आजार घेऊनच तो आमच्याकडे आला होता.

काजू गेला त्या सकाळी मी त्या माणसाला फोन केला. “तुम्ही काहीतरी भलतंच खायला घातलं असेल,” म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला.

पैशांचं दुःख आहेच. पण मला जास्त छळते ती काजूची आई, जी मी पाहिलीच नाही. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत, ते मी काजू गेल्यावर वाचले. पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादीला वर्षातून एकदाच आणि जन्मात पाचदाच पिल्लं होऊ द्यायची. आता धंद्याचा हिशेब बघा. महिन्याभराने पिल्लू खायला लागतं, लसीचा खर्च सुरू होतो, म्हणून त्याआधीच ते खपवायचं. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणून दर खेपेला तिला गाभण ठेवायचं. माझे 18,000 त्या पुढच्या वेतालाच गेले, हे मला पक्कं कळलंय.

पूर्वी एका निवाऱ्यातून कुत्रा घ्यायचा विचार केला होता, तेव्हा त्यांनी नाना प्रश्न विचारले. घर भाड्याचं का, दिवसभर घरी कोण असतं, नसबंदीला तयार आहात का. मला राग आला होता. या विक्रेत्याने मात्र मला एकच विचारलं, पैसे कधी पाठवता? आणि रेबीजची भीती म्हणाल, तर गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरतात, कुत्र्यांना लस टोचतात, रंगाची खूण करतात. सासूबाईंना हे मी आधीच समजावून सांगायला हवं होतं.

देवळामागचं एखादं पिल्लू आता आणावं, तर तेही जमत नाही. पार्व्होचा विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, माती कशी धुणार? लसीचे सगळे डोस न झालेलं पिल्लू या घरात आणणं म्हणजे त्याचा जीव घेणं. म्हणून लस पूर्ण झालेला, वाढलेला कुत्रा घ्यायचं ठरवून मी त्याच निवाऱ्यात पुन्हा गेले. या वेळी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट दिलं.

लसवही, यूपीआयची नोंद आणि चॅट जोडून पोलिसांकडे आणि पशुकल्याण मंडळाकडे लेखी तक्रार दिली आहे. सही नसलेली अशीच वही तुमच्याही घरी असेल तर फेकू नका, चॅट पुसू नका. तुमचीही तक्रार द्या.