लातूरचं राग-शिबिर: पैसे वसूल, जेवण नाही

राग आवरायच्या शिबिरात माझं नाव बायकोनं घातलं. सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही, दुबार पेरणीची पाळी आली, दुकानदार फोन उचलेना, म्हणून मी मोबाइलच भिंतीवर हाणला. दुरुस्तीला 1800 गेले, वर शिबिराचे 500. लातुरात एका मंगल कार्यालयात, रविवारी दहा ते दोन.

डोळे मिटा, श्वास घ्या, असलंच काही असणार म्हणून मागं बसलो. पण समुपदेशक मॅडमनी सुरुवातच उशीपासून केली. उशीला गुद्दे मारले की राग निघतो, हा माझाही समज. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002च्या प्रयोगात उलटंच दिसलं: चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅग बडवणारे जास्त तापले, नुसते बसून राहिलेले कमी. म्हणजे माझा मोबाइल फुकटच गेला.

दुसरा प्रयोग मानसशास्त्रज्ञ हेदर लेंच यांचा, 2023चा. चिडलेल्या विद्यार्थ्यांनी अक्षरांची अवघड कोडी जास्त सोडवली. काम सोपं असलं की रागाचा तसा उपयोग दिसला नाही. बक्षिसासाठी लबाडीही चिडलेल्यांनीच जास्त केली, हेही मॅडमनी सांगून टाकलं. तिथं सगळे हसले.

मग कागद दिले. राग कुणावर, काय बुडालं, काय पाहिजे, ते कुणाकडं मागायचं. मी दोन पानं शिव्याच लिहिल्या. मॅडमनी वाचलं अन् विचारलं, "दादा, ह्यात पावती कुठंय?"

बियाण्याची पावती, पिशवीवरचा टॅग, रिकामी पिशवी, तिन्ही घरीच होतं. सोमवारी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज दिला. समिती शेतात आली, उगवण मोजली, पंचनामा केला. भरपाईचं अजून काही नाही. पण पंधरा दिवस नुसता धुमसत होतो, ते काम दोन दिवसांत झालं.

आता खटकलेलं. माइक खरखरत होता. दीडशे माणसांत बाया मोजून सात. पत्रकावर 'भोजनासह' छापलेलं, मिळालं चहा-बिस्किट. आधीचा मी असतो तर टेबल उलथवलं असतं. ह्या वेळी पत्रक घेऊन काउंटरवर गेलो, त्या शब्दावर बोट ठेवलं अन् जागचा हललो नाही. 100 रुपये परत मिळाले. त्यात गंजगोलाईच्या बाजारात पोटभर भजे झाले.

पाचपैकी चार. बायको म्हणते, पुढच्या शिबिराला मी जाते, तुम्ही गुरं बघा.