अमेरिकेत गाडी घेताय? लोन डीलरकडून की क्रेडिट युनियनकडून

माझ्या भाच्याने न्यू जर्सीत एका शनिवारी संध्याकाळी गाडी घेतली. सह्या झाल्या, जुनी गाडी डीलरकडे सोडली, नवी घरी आणली. बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बुधवारी डीलरचा फोन आला: "बँकेने लोन मंजूर केलं नाही, नव्या कागदांवर सह्या करायला या." साडेसहा टक्क्यांचा व्याजदर साडेदहा झाला होता. जुनी गाडी परत मागितली तर म्हणे ती विकली गेली. घाबरून त्याने सही केली.

याला इथे यो-यो फायनान्सिंग म्हणतात. गिऱ्हाइकाला घरी जाऊ द्यायचं आणि दोरी ओढून परत आणायचं. नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींना हे आधी कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डीलर लोन देतो म्हणजे तो तुमच्याशी हप्त्यांचा करार करतो आणि तो करार पुढे एखाद्या बँकेला विकतो. बँकेचा होकार येण्याआधीच गाडी हातात देतात, म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही. मात्र कागदांच्या गठ्ठ्यात एक अट असते: करार विकला गेला नाही, तर डीलर सौदा रद्द करू शकतो. कॅलिफोर्नियात वापरल्या जाणाऱ्या करारात यासाठी दहा दिवसांची मुदत असते. तुम्हाला मात्र बहुतेक ठिकाणी अशी सोय नाही. 'तीन दिवसांत गाडी परत करता येते' असं आपल्याकडे सर्रास सांगतात, पण काही खरेदी तीन दिवसांत रद्द करू देणारा केंद्र सरकारचा (फेडरल) कूलिंग-ऑफ नियम डीलरच्या दुकानात घेतलेल्या गाडीला लागू होत नाही.

हप्त्यात फरक किती पडतो? २५,००० डॉलर, पाच वर्षं. साडेसहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे ४८९ डॉलर, साडेदहाने ५३७. महिन्याचे ४८ डॉलर किरकोळ वाटतात, पण पाच वर्षांत ते जवळजवळ २,९०० होतात.

क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची सहकारी पतसंस्था. तिथे क्रम उलटा असतो. आधी मंजुरी, मग गाडी. रक्कम, दर आणि मुदत लिहिलेलं प्री-अप्रूव्हलचं पत्र खिशात घेऊनच तुम्ही शोरूममध्ये जाता. पत्रातल्या अटी पाळल्यात, तर डीलरला त्याचे पैसे मिळतात आणि बुधवारच्या फोनला कारणच उरत नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची सनद असलेली, क्रेडिट युनियन लोन लवकर फेडल्याबद्दल दंडही लावू शकत नाही. चार ठिकाणी अर्ज केला तर क्रेडिट स्कोअर पडेल ही भीती अनेकांना असते. पण वाहनकर्जाचे अर्ज चौदा दिवसांच्या आत केले, तर स्कोअरसाठी ते एकच चौकशी धरले जातात.

अडचणीही आहेत. आधी सभासद व्हावं लागतं. क्रेडिट हिस्ट्री नसलेल्या नव्या माणसाला नकार मिळू शकतो. काही ठिकाणी व्हिसाची मुदत असेल तेवढ्याच काळाचं लोन देतात. शिवाय गाडीची कंपनी कधी शून्य टक्क्यांची ऑफर काढते, तिला क्रेडिट युनियन टक्कर देऊ शकत नाही. अशी ऑफर खरोखर मिळत असेल तर जरूर घ्या. एरवी डीलर बँकेच्या दरावर स्वतःचा एक-दोन टक्क्यांचा नफा चढवू शकतो, म्हणून खिशातलं पत्र दाखवून दर खाली आणायला सांगा.

माझं मत विचाराल तर क्रेडिट चांगलं असेल तेव्हा क्रेडिट युनियन. क्रेडिट कोवळं असेल आणि डीलरशिवाय इलाज नसेल, तर गाडी त्याच्याच आवारात राहू द्या. बँकेची अंतिम मंजुरी लेखी हातात येईपर्यंत किल्ली घेऊ नका आणि जुन्या गाडीचं टायटल (मालकीचा कागद) तर मुळीच देऊ नका. भाच्याची खरी अडचण तीच झाली, परत जायला त्याच्याकडे गाडीच उरली नव्हती.

आणि फोन आलाच, तर त्या दिवशी कशावरही सही करू नका. आधी मूळ करारात ती रद्द करण्याची अट आहे का आणि मुदत उलटली का, ते पाहा. अट नसेल तर डीलरला एकट्याने दर बदलता येत नाही. कर्ज नाकारल्याची लेखी नोटीस मागा, समान पतसंधी कायद्याने (Equal Credit Opportunity Act) तो तुमचा हक्क आहे. सौदा खरोखर रद्द होत असेल, तर गाडी परत देताना डाउन पेमेंट आणि जुनी गाडी मागा. चोरीची तक्रार करू अशी धमकी आली, तर बोलणं तिथेच थांबवा, सगळं ईमेलवर मागा आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्य सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) कार्यालयाकडे तक्रार करा.