आमची ग्रामपंचायत: एक आर्थिक वर्ष वापरल्यानंतर

मोबाइल किंवा गाडी घेतली की लोक सहा महिन्यांनी बारीकसारीक अनुभव लिहितात. ग्रामपंचायत तर आपण पहाटे नळाला पाणी आल्यापासून रात्री खांबावरचा दिवा लागेपर्यंत वापरतो. तिचे पैसेही भरतो. तिच्याबद्दल मात्र पारावर दोन वाक्यं बोलतो आणि घरी जातो. म्हणून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षाचा माझा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे नऊ सदस्य आणि थेट निवडून आलेल्या सरपंचताई. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मी मुंबईत परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर मार्च २०२४ मध्ये आम्ही दोघं सासरच्या घरी राहायला आलो. घरात सासूबाई आणि नववीत शिकणारी पुतणी धरून आम्ही चार माणसं.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या लेखी पंचायतीची खरी परीक्षा तिथेच आहे. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेलेला. एप्रिल-मेमध्ये टँकर यायचा, तो विहिरीत ओतायचे आणि तेच पाणी तिसऱ्या दिवशी नळाला सोडायचे. आमच्या वाट्याला २०० लिटरचं एक बॅरल यायचं, ते तीन दिवस पुरवायचं. माणशी सोळा-सतरा लिटर होतात. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे आणि आमच्या दारात त्याच योजनेचा नळ बसवलेला आहे. पण विहीरच कोरडी असली तर नळ काय करणार? त्या दोन महिन्यांसाठी मी पंचायतीला दोष देत नाही. टँकरच्या खेपांची नोंद त्यांनी फलकावर रोज लिहिली, आणि ती खरी होती, मी स्वतः मोजत होते.

२०२४ ला पाऊस चांगला झाला, विहीर भरली. ऑगस्टपासून रोज चाळीस मिनिटं पाणी येतं. एक बॅरल भरून वर पाच हंडे, म्हणजे माणशी ६५ लिटरच्या पुढे. आमच्या आळीपुरतं प्रमाण पुरेसं आहे. वरच्या आळीला मात्र पाणी पंधरा मिनिटंही टिकत नाही. तिकडचा व्हॉल्व्ह वेगळा करा, हे वर्षभर बोलून झालं, अजून झालेलं नाही.

आता मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटली ते सांगते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या आळीत तीन मुलं आणि एक आजी जुलाबाने आजारी पडली. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडून ओटीची, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली आणि नळी मागून घेतली. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. तसं झालं तर क्लोरीन आहे असं समजायचं. पाणी होतं तसंच राहिलं. शेजारच्या घरी तेच. शाळेच्या नळाला तेच. शाळेत दीडशे पोरं ते पाणी पितात.

मी तशीच टाकीवर गेले. पाणी सोडणारे आप्पा तिथेच होते. ते म्हणाले, "वहिनी, पावडर तर मी रोज टाकतो. एक दिवस चुकवला नाही." आणि ते खोटं बोलत नव्हते. टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या त्या क्लोरीनच्या पावडरचं, पोतं टाकीखाली उघडं पडलेलं होतं, वरून पावसाची ओल लागत होती. हात घालून पाहिला तर वासच नाही. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हवा आणि ओल लागली की तो उडून जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला चालत नाही. आप्पा मनापासून रोज चुनाच टाकत होते. किती टाकायची तेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एका डब्याच्या अंदाजाने टाकायचे. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने आमच्या ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो लागते. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह खोलायचा. हे मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी खिशातून विडीचं पाकीट काढून त्यावर आकडे लिहून घेतले. त्या माणसाचा तीन महिन्यांचा पगार तेव्हा थकलेला होता, हेही इथे लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांकडे, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांकडे, लेखी अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, टाळला नाही, आणि आठ दिवसांत नवं पोतं, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा ड्रम आणि एक वही टाकीवर पोचली. पैशांची अडचण नव्हतीच. पंधराव्या वित्त आयोगाच्या दर १०० रुपयांतले ६० रुपये बंधित असायचे. त्यातले निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठीच खर्च करावे लागायचे. टीसीएल त्यातून घेता येत होती. निधी खात्यावर होता, पावडरही होती. कमी पडला तो एक झाकणाचा ड्रम आणि आप्पांना समजावून सांगणारं माणूस. हे लक्षात आल्यावर मला जास्त वाईट वाटलं.

पावसाळ्यानंतरच्या सर्वेक्षणात आरोग्य खात्याने गावाला हिरवं कार्ड दिलं, म्हणजे पाणी दूषित व्हायचा धोका कमी. एप्रिलमध्ये ते पिवळं, म्हणजे मध्यम धोक्याचं होतं. पिवळ्या कार्डाची बातमी गावात कुणालाच नव्हती. ते कार्ड कार्यालयात फाइलीत होतं. आमचं म्हणणं एवढंच की ते दारावर लावा. आता लावलेलं आहे.

दाखल्यांच्या बाबतीत मी मनापासून समाधानी आहे. जन्माचा दाखला, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, तिन्ही मला मुदतीत मिळाले. प्रत्येकी २० रुपये, पावतीसकट. आपले सरकार केंद्रात बसणारी ऑपरेटर मुलगी पंचविशीची आहे, आणि जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा तिने जे काम केलं ते मी विसरणार नाही. सकाळी सातला बायका ओळीत बसायच्या. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, म्हणून ती रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत अर्ज भरत बसायची. कुणाकडून एक रुपया जास्त घेतला नाही.

नव्याने गावी येणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. तलाठ्याकडचा ८-अ शेतजमिनीच्या खात्याचा असतो, आणि पंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा. बँकेने "आठचा उतारा आणा" म्हटलं की कुठला ते विचारून घ्या. माझ्या दोन फेऱ्या त्यात गेल्या.

जिथे माणसाऐवजी ठराव लागतो तिथे मात्र गाडी अडते. सासरे गेल्यावर घर सासूबाईंच्या नावावर लावायचं होतं. जूनमध्ये कागद दिले. त्याला मासिक सभेची मंजुरी लागते. जुलैची सभा झाली, विषय घ्यायचा राहिला. ऑगस्टमध्ये सभा लांबली. सप्टेंबरमध्ये एका सदस्याने हरकत असल्याचं तोंडी सांगितलं, लेखी काहीच नाही. नंतर विधानसभेची आचारसंहिता आली. नोव्हेंबरच्या शेवटी नोंद झाली. ऐंशी वर्षांच्या बाईला सहा महिने "आता होईल आई" म्हणून परत पाठवलं गेलं. याला मी वाईटच म्हणेन. हरकत असेल तर ती कागदावर घ्यावी आणि अर्जदाराला तिची प्रत द्यावी.

भाऊसाहेबांकडे दोन गावं आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एक करून ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं. पाटी बदलली, गावं दोनच राहिली. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमच्याकडे, असं फलकावर आहे, आणि त्यातले दोन दिवस तरी ते येतात. उरलेला दिवस पंचायत समितीच्या बैठकीत जातो. माणूस चांगला आहे, पण एका माणसाच्या अंगावर किती टाकायचं यालाही मर्यादा आहे.

दिवाबत्ती ठीक. एलईडी बसलेत, बंद पडला तर चार-पाच दिवसांत बदलतात. कचऱ्याचं काम अगदी निराशाजनक. ट्रॅक्टर आठवड्यातून दोनदा फिरतो, ओला-सुका सगळा एकत्र घेतो आणि ओढ्यापलीकडे नेऊन पेटवतो. पावसाळ्यात त्याच ओढ्याचं पाणी विहिरीच्या अंगाने जातं. याच राज्यात पोपटराव पवारांचं हिवरे बाजार आहे, भास्करराव पेरे पाटलांचं पाटोदा आहे. पाटोद्यात पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला वर्षभर मोफत दळण सुरू केलं. आमच्याकडे तसं उद्याच व्हावं असं मी म्हणत नाही. प्लॅस्टिक जाळणं थांबवा, इथपासून सुरुवात करा.

आता पैशांबद्दल. घरपट्टी मी ऑगस्टमध्ये भरली. सप्टेंबरअखेर भरली की ५ टक्के सूट मिळते, हे गावात निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि पंचायतही दवंडी देऊन सांगत नाही. पाणीपट्टी थकवणारी घरं बरीच आहेत, त्यात चांगली माडीची घरंही आहेत. मोटारीचं वीजबिल त्याच पाणीपट्टीतून भरायचं असतं. आप्पांचा पगार का थकतो, याचं अर्धं उत्तर इथे सापडतं.

उरलेलं अर्धं शोधायला पुतणीने मदत केली. तिने मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडून आमच्या गावाचा आराखडा काढला. कुठलं काम, किती मंजूर, किती दिले, सगळं दिसतं. २०२० पासून ही माहिती कुणालाही पाहता येते. तिथे खालच्या आळीचं बंदिस्त गटार पूर्ण झालेलं दाखवलेलं होतं. आम्ही दोघी टेप घेऊन गेलो. शेवटचं साठ फूट उघडंच होतं, आणि नेमकं तिथेच अंगणवाडी. लगेच चोरी वगैरे म्हणायला मी तयार नव्हते. काम अर्धवट राहण्याची शंभर कारणं असतात. पण प्रश्न विचारायचा तर ग्रामसभेतच, म्हणजे इतिवृत्तात येतो.

आणि ग्रामसभेचंच खरं दुखणं आहे. वर्षात किमान चार सभा व्हायला हव्यात. १ मेची आमच्याकडे लोकसभेच्या आचारसंहितेमुळे झाली नाही. १५ ऑगस्टची भरली तेव्हा सव्वीस माणसं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा लागतो. आमच्याकडे १००. सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्ती लागत नाही. आठवड्याने ती झाली, एकतीस माणसांत, आणि अडीच हजारांच्या गावाचे अकरा ठराव पाऊण तासात मंजूर झाले. बायका त्यात चार. मी त्या चारांतली एक होते आणि अकरापैकी सहा विषय मला तेव्हाच पहिल्यांदा कळले. हे बेकायदा नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. आमच्याकडे तिचं रजिस्टर घरोघर सह्यांना फिरायचं. २ ऑक्टोबरच्या आधी बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की सही बसूनच करायची. समाजमंदिरात सदतीस जणी आलो. सरपंचताई आल्या. त्या आधी दीर सांगतील तसं बोलायच्या, त्या दिवशी दीड तास एकट्या बसल्या आणि सगळं स्वतः लिहून घेतलं. टीसीएलची वही, अंगणवाडीपुढचं गटार, वरच्या आळीचा व्हॉल्व्ह, असे तीन विषय तिथून पुढे गेले.

२६ जानेवारीच्या सभेला एकशे बारा लोक होते. गावातली जाणती माणसं म्हणाली, तहकूब न होता झालेली अशी सभा बऱ्याच वर्षांनी पाहिली. गटाराचा विषय मी वाचला. आवाज थरथरत होता, पण वाचला. एक सदस्य उठून म्हणाले, "वहिनी, तुम्ही मुंबईच्या, तुम्हाला गावातलं माहीत नाही." त्यावर सासूबाईच उठल्या. म्हणाल्या, "मी साठ वर्षं इथं आहे, मला माहीत आहे, सांगू का?" मग भाऊसाहेबांनी मोजमाप पुस्तिका मागवतो म्हणून सांगितलं आणि ते इतिवृत्तात लिहिलं. फेब्रुवारीत शाखा अभियंता येऊन मोजून गेले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या साठ फुटांवर झाकणं बसली. पैसे आधी दिले होते की नंतर, याचा लेखी खुलासा अजून आलेला नाही. तो मी मागितला आहे आणि मागत राहणार आहे.

दहापैकी गुण द्यायचे तर दाखल्यांना नऊ. पाण्याला जुलैपर्यंत तीन, त्यानंतर सात, वरच्या आळीचा प्रश्न सुटेपर्यंत त्यापुढे नाही. कचऱ्याला एक. ग्रामसभेला गुण देताना मला अडखळायला होतं, कारण ऑगस्टमध्ये ती रिकामी होती ती आमच्यामुळेही.

टाकीवरची वही आता सुतळीने खिळ्याला टांगलेली असते. आप्पा रोज तारीख, पावडरचे ग्रॅम आणि शेवटच्या नळाची ओटी लिहितात. ३१ मार्चच्या पानावर त्यांच्या अक्षरात ०.२ आहे, म्हणजे शेवटच्या नळालाही क्लोरीन पोचतोय. त्यांचा पगार फेब्रुवारीपर्यंतचा मिळाला. कचरा जाळण्याचा विषय १ मेच्या सभेसाठी लेखी दिला आहे आणि त्याची शिक्क्याची पोच घरात ठेवली आहे.