डाऊनव्होटचं बटण: काही महिने वापरल्यानंतर

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर डाऊनव्होट, म्हणजे नापसंतीचं मायनस मत, द्यायला १२५ गुण कमवावे लागतात. माझे ते झाले आणि तेव्हापासून हे बटण रोजच्या कामात आलं. रेडिट या चर्चेच्या साइटवर मात्र त्यासाठी एवढी कमाई करावी लागत नाही. इंदूरच्या आयटीतली माझ्या ओळखीची बरीच पोरं दोन्हीकडे सारख्याच सढळ हाताने मायनस मारतात, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितेय.

आधी स्टॅक ओव्हरफ्लो. इथे एखाद्या उत्तराला मायनस दिला की लिहिणाऱ्याचे २ गुण जातात आणि आपलाही १ कापला जातो. एका अपव्होटला (पसंतीच्या मताला) १० मिळतात, त्यापुढे हा १ म्हणजे चिल्लर. पण खिशातून जातोय म्हटल्यावर उत्तर परत एकदा वाचलं जातं. माझं काम डेटाबेसचं. युजरने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) जोडायला सांगणारी उत्तरं अजूनही सापडतात. कोड चालतो, खाली ‘थँक्स’सुद्धा असतं, आणि इंजेक्शनला, म्हणजे त्या मजकुरातून कुणी आपलाच आदेश घुसवायला, दार सताड उघडं. अशा ठिकाणी मी बेधडक मायनस देते आणि खाली एक ओळ लिहिते: पॅरामीटर वापरा, म्हणजे मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवा. कारण देण्याची सक्ती नाही, मत कुणाचं तेही कळत नाही. पण उत्तर दुरुस्त होण्यासारखं असेल तर ती ओळ लिहावीच. उगाच शेरे मारत बसू नये. तोडकंमोडकं इंग्रजी, लांबण लावलेलं उत्तर, आपल्याला न आवडणारी तयार कोडची लायब्ररी, यासाठी मी हे बटण दाबत नाही.

प्रश्नांचं गणित वेगळं आहे. प्रश्नाला मायनस दिला तर देणाऱ्याचं काहीच जात नाही. २०११ मध्ये तो फुकट केला, लोकांनी कच्चे प्रश्न मोकळेपणाने खाली ढकलावेत म्हणून. हेतू कळतो. पण फुकट म्हटल्यावर हात सैल सुटतो, आणि झळ बसते ती कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना.

रेडिटच्या शिष्टाचारात तर स्वच्छ लिहिलंय: मत पटलं नाही म्हणून डाऊनव्होट देऊ नका, चर्चेत काहीच भर न घालणाऱ्या गोष्टीला द्या. वाचतं कोण? आपल्या इंदूरवरच्या एका चर्चेत बीआरटीएस (बससाठी राखीव लेन) तोडण्याचा विषय निघाला होता. एकाने बसची लेन का ठेवावी हे मुद्देसूद मांडलं. तो बघता बघता मायनसमध्ये. त्याच्याखाली पोहे-जिलबीवरचा शिळा विनोद मात्र वर वर चढत गेला. लेन नको असं मलाही वाटत होतं, पण तरी त्या माणसाला मी अपव्होट दिला, कारण त्या चर्चेत वाचण्यासारखं तेवढंच होतं.

नापसंतीचं बटण दाबण्यात इंदूरकर तसे मागे नाहीत म्हणा. २०२४ च्या लोकसभेला इथे ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली, देशातला तोवरचा उच्चांक. पण नोटा नुसता मोजला जातो. डाऊनव्होटने समोरच्याचं लिहिणं हलतं: रेडिटवर फार मायनस झालेली प्रतिक्रिया झाकली जाते, हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चेच्या साइटवर अक्षरं फिकट होत जातात. आपल्यानंतर येणाऱ्याला काय दिसावं हे आपण ठरवत असतो, आणि तेही कारण न सांगता.

‘मायनस पडले की माणूस सुधारतो’ यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. बातम्यांच्या साइटवरच्या प्रतिक्रियांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता. त्यात खाली ढकलले गेलेले लोक पुढे जास्त लिहू लागले, आणखी वाईट लिहू लागले, आणि इतरांनाही जास्त मायनस देऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात मात्र मुद्दाम दिलेला पहिला खोटा मायनस वाचकांनी भरून काढला, तर खोट्या प्लसमुळे प्रतिक्रियेच्या मतांचा शेवटचा आकडा सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. म्हणजे ‘वरती आहे म्हणजे बरोबर असणार’ हेही धरून चालू नये.

माझा कौल: स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या उत्तरांसाठी हे बटण जरूर वापरा. गप्पांच्या ठिकाणी वाचून पुढे जा. शिवीगाळ किंवा जाहिरात असेल तर रिपोर्टचं बटण वेगळं असतं.

आणि आपल्याला मायनस आला तर ‘कुणी दिला, का दिला’ असं खाली विचारू नका. हॅकर न्यूजच्या नियमांत मतांवर टिप्पणी करू नका असंच म्हटलंय, त्याने फायदा तर होत नाहीच, वाचायलाही कंटाळवाणं होतं. स्टॅक ओव्हरफ्लोवर दिलेलं मत काही मिनिटांत लॉक होतं आणि पोस्टमध्ये बदल झाल्याशिवाय ते मागे घेता येत नाही. तेव्हा उत्तर एडिट करा, चूक काढा, नीट उदाहरण घाला. मायनस देणाऱ्याला तो परत घ्यायचा असला तरी वाट तेवढीच आहे, आणि घेतला तर त्याचाही १ गुण परत मिळतो.