ट्रेनिंगमधून बोर्ड आउट झाल्यावर दुसरं अपील करायचं की सरळ ट्रिब्युनलला जायचं?

हा प्रश्न मला आतापर्यंत बऱ्याच पोरांनी आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या वडिलांनी फोनवर विचारलाय, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. पोरगा फौजेत भरती झाला, ट्रेनिंग सेंटरला गेला, चार-पाच महिने झाले आणि मधेच काहीतरी मेडिकल निघालं, मग हॉस्पिटल, मग डॉक्टरांचा मेडिकल बोर्ड, पी-५ कॅटेगरी, म्हणजे फौजेसाठी कायमचा अनफिट, आणि पोरगा बोर्ड आउट होऊन घरी. काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या फौजी कार्यालयाचं पत्र येतं की तुमचा आजार सर्व्हिसमुळं झालेला नाही आणि सर्व्हिसमुळं वाढलेलाही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. या शेऱ्याला सगळे ‘एनएएनए’ म्हणतात. ज्याच्या घरात हे पत्र आलंय त्याला पुढचं वेगळं समजवायला नको.

पहिलं अपील करायचंच, त्यात निवड नाही. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवायचं. ट्रिब्युनल म्हणजे फौजी माणसांच्या नोकरी-पेन्शनचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण, त्याच्या कायद्यातलं कलम २१ असं सांगतं की आधी खात्यातले मार्ग वापरून या, आणि अपील करून सहा महिने झाले तरी उत्तर नाही आलं तर मार्ग वापरला असं धरतात. खरी निवड पहिलं अपील फेटाळल्यावर येते. तिथून एक रस्ता वरच्या समितीकडं, म्हणजे दुसऱ्या अपिलाकडं जातो आणि दुसरा आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडं, आपल्यासाठी मुंबई बेंच, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा तिच्याकडं येतात. ट्रेनिंग सेंटर दुसऱ्या राज्यात असलं तरी चालतं, फौजेतून बाहेर पडलेला माणूस राहत्या घराच्या हद्दीतल्या बेंचकडं अर्ज करू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि लांब जावं लागेल या भीतीनं ते गप्प बसतात.

माझं थोडक्यात सांगतो. सातारा जिल्हा, २०१५ ची भरती. सतराव्या आठवड्यात पहाटे पीटीच्या ग्राउंडवर फिट आली, आयुष्यात पहिल्यांदा, त्याआधी कधी साधी चक्करही आली नव्हती. दोन हॉस्पिटलं झाली, गोळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात दुसरी फिट आली, मग बोर्ड बसला. वीस टक्के डिसॅबिलिटी, एनएएनए, आणि कारणाच्या जागी एकच शब्द, ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे उपजत शरीरातलाच दोष. किट जमा केलं, घरी जायचं रेल्वेचं वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाचा प्रवासाचा कागद, हातात मिळालं, एकोणीस वर्षांचा होतो. गावात तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण पळून आला का हे आईला विहिरीवर विचारलं गेलं, ते मला फार नंतर कळलं.

आता तुलना. खर्चाचं बघितलं तर दुसरं अपील सरळ जिंकतं. रजिस्टर पोस्ट, झेरॉक्स, झालं. मसुदा लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते, विचारायला लाजू नका. ट्रिब्युनलला वकील लागतो, म्हणजे कायद्यानं स्वतःही उभं राहता येतं पण मी तसं सुचवणार नाही, आणि तारखेला मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची एसटी, दादरला उतरून लोकल, दिवस गेला, मजुरी गेली. माझ्या वकिलांनी फी तीन हप्त्यांत घेतली म्हणून जमलं, सगळेच घेतील असं नाही.

वेळेचं म्हणाल तर फारसा फरक मला जाणवला नाही. पहिल्या अपिलाच्या उत्तराला मला वर्षभर लागलं, ट्रिब्युनलला अर्ज दाखल केल्यापासून निकालापर्यंत पावणेदोन वर्षं. दोन्हीकडं थांबावंच लागतं. एवढंच की ट्रिब्युनलला पुढची तारीख माहीत असते, आणि अपिलात पोस्टमन येईल तेव्हा खरं.

पण माझा निर्णय पैशावर किंवा वेळेवर झालाच नाही, तो झाला एका पानावर, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे. बोर्डाचा जो फॉर्म असतो, एएफएमएसएफ-१६, त्याची कॉपी मी माहिती अधिकारात मागवली, दहा रुपयांचा अर्ज. त्यात बोर्डाच्या मताचं एक पान असतं. त्यावर प्रश्न छापलेले असतात की हा आजार भरतीच्या आधीपासून होता का, असल्यास भरतीच्या तपासणीत तो न सापडण्यासारखा होता का, सर्व्हिसमुळं झाला का, वाढला का, आणि सर्व्हिसशी संबंध नसेल तर मग कशामुळं झाला. माझ्या पानावर पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलेलं. म्हणजे भरतीच्या आधी आजार नव्हता. खाली सर्व्हिसमुळं झाला का, ‘नाही’. वाढला का, ‘नाही’. मग कशामुळं झाला, तर तोच शब्द, कॉन्स्टिट्यूशनल. मी ते पान किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. आधी नव्हता, इथं आला, आणि इथला नाही, तर मग कुठला?

पहिल्या अपिलात मी फक्त एवढंच विचारलं होतं. दोन पानं, साधी भाषा, फॉर्ममधली ती ओळ उतरवून तिच्याखाली प्रश्न लिहिलेला. वर्षानं उत्तर आलं, त्यात पुन्हा तोच शब्द, तेच वाक्य, माझ्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नाही. मला कोणी बोलावलं नाही, तपासलं नाही. त्या उत्तराच्या शेवटी लिहिलेलं होतं की समाधान नसेल तर सहा महिन्यांत दुसरं अपील करू शकता. मी अर्ज लिहायला बसलो आणि दुसऱ्या परिच्छेदावर थांबलो, कारण मला वाटलं की हेच कागद, हाच शब्द, पुन्हा एका टेबलावर जाणार, पुन्हा माझ्या पाठीमागं वाचले जाणार, आणि त्या ‘नाही’चं उत्तर कुणी द्यायला बांधील नसणार. नकाराचं मला तितकं लागलं नाही, उत्तर न देण्याचं लागलं. तिथं मी वकील शोधला.

ट्रिब्युनलला काय वेगळं झालं तर हेच. एक न्यायिक सदस्य आणि एक फौजेतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी असे दोघं समोर बसतात. सरकारी बाजूला लेखी उत्तर द्यावं लागतं, बोर्डाचे कागद हजर करावे लागतात. आमच्या तारखेला ते पान मोठ्यानं वाचलं गेलं आणि सरकारी वकिलांना विचारलं गेलं की आधी नव्हता असं बोर्ड म्हणतंय, मग कारण काय लिहिलंय. माझ्यासाठी तो क्षण निकालापेक्षा मोठा होता, खरं सांगतो.

कायद्यात हे नवीन नाहीये. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलेलं आहे की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, नंतर मेडिकलवर काढला तर बिघाड सर्व्हिसमुळं असं गृहीत धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, आणि बोर्डानं कारणं दिली पाहिजेत. त्यांचा आजारही फिटचाच होता. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात पुढं असं म्हटलं की मेडिकलवर घरी पाठवलाय म्हणजे डिसॅबिलिटी वीस टक्क्यांच्या वर आहे असंच धरावं लागेल. ज्या पोरांना मुद्दाम म्हणा किंवा कसं म्हणा, पंधरा टक्के नाहीतर अकरा टक्के लिहून पाठवलंय त्यांनी हा निकाल वकिलाला नक्की दाखवावा. खात्यातल्या अपिलात पण हे निकाल जोडता येतात, मीही जोडले होते, पण माझा अनुभव वर सांगितलाच.

आता दुसरी बाजू, कारण सगळ्यांनी माझ्यासारखंच करावं असं मला म्हणायचं नाही. माझा एक मित्र, शेजारच्या तालुक्यातला, ऑब्स्टॅकल कोर्सवरून पडला, खांदा निखळला, दोनदा ऑपरेशन, बोर्ड आउट. त्याच्याकडं इंज्युरी रिपोर्ट होता, त्यावर ऑन ड्युटी लिहिलेलं होतं, तरी पहिल्यांदा नामंजूर झालं. त्यानं दुसरं अपील केलं, तो रिपोर्ट सगळ्यात वर लावला, आणि त्याचं मंजूर झालं, एक रुपया वकिलाला न देता. म्हणजे जिथं घटना आहे, तारीख आहे, सही आहे, तिथं दुसरं अपील वाया जाईलच असं नाही. भांडण टक्क्यांवर किंवा निदानावर असेल तरीही आधी खात्यातच अपील मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची नव्यानं तपासणी, मागून बघा, कारण ट्रिब्युनल किंवा कोर्ट स्वतः डॉक्टर होत नाही, फार तर रिव्ह्यू मेडिकल बोर्डाकडं पाठवतं, वीर पाल सिंग प्रकरणात २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तेच केलं होतं. आणि आजार मानसिक असेल तर जरा सावध रहा. २०१९ च्या नरसिंग यादव निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की असे आजार भरतीच्या तपासणीत दिसतीलच असं नाही, त्यामुळं नोंद नव्हती एवढ्यावर दावा टिकत नाही. तिथं ट्रेनिंगमधला ताण, ड्युटी, हॉस्पिटलचे कागद सगळं जास्त भक्कम लागतं.

आणखी एक, डिस्चार्जच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा. काही पोरांना मेडिकलवर न काढता ‘चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही’ या कलमाखाली काढतात, काहींकडून स्वतःच्या अर्जावर जातोय अशी सही घेतलेली असते आणि पोराला ते कळलेलंही नसतं. अशा केसमध्ये पेन्शनच्या आधी त्या डिस्चार्जवरच भांडावं लागतं, आणि ते काम माझ्या मते ट्रिब्युनलचंच आहे, पेन्शनच्या अपिलात ते बसत नाही. २०२२ नंतरच्या अग्निवीर पोरांचं गणितही वेगळं आहे, त्यांना पेन्शन नाही, सर्व्हिसमुळं आलेल्या डिसॅबिलिटीला १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख असं एकरकमी आहे, त्यामुळं त्यांच्याकडं टक्का हाच मोठा मुद्दा होतो.

एवढं सगळं कशासाठी, वीस टक्क्यांचं काय मिळणार, असं माझे काका म्हणायचे. मेडिकलवर काढलेल्याला वीस टक्के मान्य झाले की राउंडिंगमध्ये ५० टक्के धरतात, शिवाय सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे पेन्शनचा नोकरीपोटीचा भाग मिळतो, त्याला किती वर्षं नोकरी झाली ते बघत नाहीत, रिक्रूट असला तरी. पण पैशापेक्षा मोठं म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन मिळाली की तुम्ही माजी सैनिक होता. नाहीतर कागदोपत्री तुम्ही कोणीच नसता. माजी सैनिक झालात की ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, आणि राज्य सरकारच्या गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांचं १५ टक्के समांतर आरक्षण. मी आज ज्या नोकरीत आहे ती त्याच कोट्यातली.

उशीर झालाय म्हणून सोडून देऊ नका. कलम २२ प्रमाणं शेवटच्या आदेशापासून सहा महिने मुदत आहे, पण पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्यानं डावलला जातो असं धरून कोर्टं उशीर माफ करतात, फक्त थकबाकी साधारण अर्ज करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, २००८ चा तरसेम सिंग निकाल. मी वेळेत होतो म्हणून माझी पूर्ण मिळाली. उशिरा गेलेला एक जण ओळखीचा आहे, त्याची आठ वर्षांची रक्कम गेली. हेही मला दुसऱ्या अपिलाच्या विरोधात वाटतं, एकेका उत्तराची वाट बघण्यात वर्षं जातात आणि माणूस मधेच थकतो. अर्थात ट्रिब्युनल जिंकलं म्हणजे संपलं असंही नाही, २०२३ च्या मार्चमधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ट्रिब्युनलच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात जायचा रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा आहे, तेवढी मनाची तयारी ठेवा.

तर मला विचाराल तर, हातात इंज्युरी रिपोर्ट असेल तर दुसरं अपील करून बघायला हरकत नाही. पण कागदावर अपघात नसून आजार असेल आणि कारणाच्या जागी तो एकच शब्द असेल, तर मी पहिल्या अपिलाच्या उत्तरानंतर ट्रिब्युनलकडं वळेन, दुसऱ्या अपिलाशिवाय अर्ज घेतील का ते मात्र वकिलाला आधी विचारून घ्या, माझ्या केसमध्ये अडलं नव्हतं. वकील बघताना फौजी पेन्शनच्या केस चालवलेलाच बघा. आणि त्याच्याकडं जाण्याआधी बोर्डाची प्रत मागवा, भरतीच्या वेळच्या मेडिकलची प्रत मागवा, आणि रेकॉर्ड ऑफिसकडून आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट ठेवा, कारण मुदत मोजायची वेळ आली की पत्रावरच्या तारखेपेक्षा पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो.