ट्रायकस्पिड झडपेची गळती: शस्त्रक्रियेच्या पर्यायांचे परीक्षण

हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ट्रायकस्पिड झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त उलट फिरते, मानेच्या शिरा फुगतात, पावलांवर सूज येते आणि पुढे यकृत व मूत्रपिंडांवरही ताण येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरते, झडप मात्र दुरुस्त होत नाही.

शस्त्रक्रियेच्या पर्यायांत माझी पहिली पसंती कडे बसवून केलेल्या दुरुस्तीला आहे. बहुतेक रुग्णांत झडपेच्या पाकळ्या शाबूत असतात. डाव्या बाजूच्या झडपांचे आजार, फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब किंवा जुने एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या ठोक्यांची अनियमित लय) यांमुळे तिचा घेर तेवढा ताणला गेलेला असतो. सर्जन त्या घेरावर कृत्रिम कडे टाक्यांनी बसवून तो आवळतात आणि मग उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, सलाइन भरून पाकळ्या एकमेकींना भिडतात का, हे डोळ्यांनी पाहून घेतात. हे कडे पूर्ण गोल नसते. हृदयाच्या ठोक्यांचा विद्युत संदेश नेणारी गाठ जिथे असते तिथे ते मुद्दाम उघडे ठेवलेले असते, कारण त्या जागी टाका पडला तर कायमचा पेसमेकर बसवण्याची वेळ येऊ शकते. केवळ दोऱ्याने घेर आवळण्याची डी व्हेगा पद्धत १९७२ पासून परिचित आहे. ती झटपट होते, पण कालांतराने गळती परतण्याची शक्यता तिच्यात अधिक असल्याने मी तिला दुसरे स्थान देईन.

संसर्गाने किंवा संधिवाताच्या तापाने पाकळ्याच खराब झाल्या असतील, तर झडप बदलावी लागते. उजव्या बाजूला रक्ताचा दाब कमी असल्याने यांत्रिक झडपेवर गुठळी धरण्याचा धोका मोठा असतो, म्हणून बहुधा जैविक झडप निवडली जाते. ती काही वर्षांनी झिजते, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया होणारच असेल आणि ट्रायकस्पिडचा घेर ४० मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर त्याच वेळी ती दुरुस्त करण्याचा विचार होतो. हा लाभ फुकटचा नाही: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशी जोड-दुरुस्ती केलेल्यांपैकी १४.१ टक्के रुग्णांना दोन वर्षांत पेसमेकर लागला, तर न केलेल्यांत हे प्रमाण २.५ टक्के होते.

केवळ या एका झडपेच्या शस्त्रक्रियेला जोखमीची म्हणून जे नाव पडले आहे, त्यामागे उशीर हे मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे. पोटात पाणी साठून बिलिरुबिन (यकृतावरचा ताण दाखवणारे रक्तातील पिवळे द्रव्य) वाढेपर्यंत आणि उजवी जवनिका थकेपर्यंत थांबलेल्या रुग्णाला कुशल सर्जनही पूर्ण लाभ देऊ शकत नाही. गळती तीव्र ठरताच हृदयतज्ज्ञ आणि सर्जन यांचा एकत्रित सल्ला मागावा.

छाती उघडणे ज्यांना झेपणारे नाही, त्यांच्यासाठी पायाच्या शिरेतून पाकळ्यांना क्लिप लावण्याच्या आणि नवी झडप बसवण्याच्या उपकरणांना अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. क्लिपच्या २०२३ मधील चाचणीत गळती आटोक्यात आली आणि रुग्णांचे रोजचे जगणे सुकर झाले. पहिल्या वर्षातील मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही.